तज्ज्ञांची चर्चा कशी ऐकावी? (सिंधू पाणीवाटप कराराच्या निमित्ताने)



स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षक एक सल्ला हमखास देतो. रोज रात्री आंतरराष्ट्रीय घडामोडींवरची एक तरी चर्चा ऐकत जा. सल्ला द्यायला काय जाते? पण ती चर्चा ऐकायची कशी, हे आम्ही सांगत नाही. मग होते असे की चार जाणकार तासभर बोलतात, मुलगा वही उघडून बसतो, आणि कार्यक्रम संपला की वहीत दोनच ओळी उरतात: 'परिस्थिती नाजूक आहे. भारताने ठोस पावले उचलावीत.' या दोन ओळी कोणत्याही विषयावर, कोणत्याही वर्षी लिहिता येतात.

म्हणून आजचा पाठ ऐकण्याचा आहे. उदाहरण एकच घेणार आहे, भारत आणि पाकिस्तान यांच्यातला सिंधू पाणीवाटप करार. परीक्षेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहेच. पण मी तो निवडला त्याचे खरे कारण वेगळे आहे. या विषयावर मी भर वर्गात चुकले होते.

पेपर सुटल्यानंतर

एप्रिल २०२५. वार्षिक परीक्षा चालू होत्या. २२ तारखेला पहलगामला दहशतवाद्यांनी २६ जणांना मारले. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. दुसऱ्या दिवशी रात्री केंद्र सरकारने काही निर्णय जाहीर केले. त्यातला सर्वात मोठा निर्णय होता सिंधू करार तात्काळ स्थगित ठेवण्याचा. पाकिस्तान दहशतवादाला दिलेला पाठिंबा विश्वास बसेल असा आणि कायमचा सोडत नाही, तोपर्यंत.

२४ ला पेपर सुटल्यावर नववीची मुलं वर्गातच घोळका करून उभी होती. चिडलेली. मीही चिडलेलीच होते. एकाने विचारलं, "बाई, पाकिस्तानचं पाणी बंद झालं ना?" मी म्हणाले, "हो, झालं की कालपासून." टाळ्या पडल्या.

मागच्या बाकाजवळून एक मुलगी म्हणाली, "पण बाई, अडवलेलं पाणी ठेवणार कुठं?"

तिचे वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी आहेत. आवर्तन कधी सुटणार, दार किती उचलायचं, टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं का, हे तिच्या घरातलं रोजचं बोलणं. प्रश्न साधा होता. पण वर्गात एकच गलका झाला. "तू कुणाच्या बाजूची गं?" एक मुलगा ओरडला. ती गप्प झाली. आणि मी त्या मुलाला दटावायचं सोडून तिलाच म्हणाले, "पुरे आता, घरी जा सगळे."

त्या रात्री मी एक चर्चा लावून बसले. सुरुवातीलाच एका निवृत्त जलअभियंत्याने हाच प्रश्न केला. पाणी अडवायचं म्हणता, पण ठेवणार कुठे? सगळे माना डोलवत होते. त्यांना कुणी 'कुणाच्या बाजूचे' असं विचारलं नाही.

तेव्हा हा लेख त्या मुलीचं देणं आहे.

आधी करार

थोडक्यात सांगते, कारण हे पुस्तकात आहे. १९४७ ला पंजाबची फाळणी झाली तेव्हा रॅडक्लिफ रेषेने नद्या तर कापल्याच, कालवेही कापले. रावीवरचं माधोपूर आणि सतलजवरचं फिरोजपूर, ही कालव्यांची मुखं भारतात राहिली. त्या कालव्यांवर भिजणारी बरीचशी जमीन पाकिस्तानात गेली. तात्पुरता समझोता होता, तो ३१ मार्च १९४८ ला संपला. १ एप्रिलला पूर्व पंजाबने त्या कालव्यांचं पाणी बंद केलं. ४ मे रोजी दिल्लीत करार होऊन ते पुन्हा सुरू झालं. पाकिस्तानच्या मनात ही घटना आजही ताजी आहे.

इथे एक गोष्ट नीट पाहून ठेवा, पुढे लागणार आहे. १९४८ मध्ये बंद झाला होता कालवा. नदी बंद झाली नव्हती. पाटाचं दार खाली केलं की पाट कोरडा पडतो आणि नदी आपल्या वाटेने वाहत राहते. नदी अडवणं ही वेगळीच गोष्ट आहे.

१९५१ मध्ये डेव्हिड लिलिएन्थल नावाचे अमेरिकन प्रशासक दोन्ही देशांत फिरून गेले. टेनेसी खोऱ्यातल्या धरणांच्या प्रकल्पाचे ते माजी प्रमुख. त्यांनी एका मासिकात लेख लिहिला. सूचना अशी की राजकारण बाजूला ठेवा, सगळं खोरं एक समजा आणि दोन्ही देशांच्या अभियंत्यांनी मिळून ते चालवा. लेख जागतिक बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांच्या वाचनात आला आणि त्यांनी मध्यस्थीची तयारी दाखवली. १९५२ पासून अभियंत्यांच्या बैठका सुरू झाल्या. गंमत पाहा, तज्ज्ञाचा लेख कामाला आला, पण तज्ज्ञाची सूचना नाही. एकत्र चालवणं दोघांनाही जमेना. शेवटी १९५४ मध्ये बँकेने सरळ नद्याच वाटून घ्या असा प्रस्ताव ठेवला, आणि त्यावरही सहा वर्षं घासाघीस चालली. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत पंडित नेहरू आणि अयुब खान यांनी सह्या केल्या.

रावी, बियास, सतलज या पूर्वेकडच्या तीन नद्या भारताला. सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडच्या तीन प्रामुख्याने पाकिस्तानला. पूर्वेच्या नद्यांचं सरासरी वार्षिक पाणी सुमारे ३३ दशलक्ष एकर-फूट, पश्चिमेच्या सुमारे १३५. म्हणजे ढोबळमानाने २० आणि ८० टक्के. शिवाय पाकिस्तानला नवे कालवे काढता यावेत म्हणून भारताने दहा हप्त्यांत सुमारे ६ कोटी २० लाख पौंड दिले. या वाटपावरून १९६० मध्येच लोकसभेत नेहरूंवर कडक टीका झाली होती, तेव्हा 'करार भारतावर अन्याय करणारा आहे' हे मत काही काल-परवाचं नाही. दुसऱ्या बाजूला, १९६५, १९७१ आणि १९९९ अशा तीन लढाया होऊनही करार टिकला.

पश्चिमेच्या नद्यांवर भारताला काहीच हक्क नाही असं मात्र समजू नका. पिण्यासाठी, ठरावीक शेतीसाठी पाणी घेता येतं. वीज तयार करता येते, पण मोठा साठा न करता, वाहत्या पाण्यावर. साठवणुकीची एकूण मर्यादा ३.६ दशलक्ष एकर-फूट, आणि तेवढीही भारताने आजवर वापरलेली नाही.

कोण कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतंय?

आता चर्चेकडे येऊ. अशा चर्चेत साधारण एक अभियंता, एक कायद्याचा अभ्यासक, एक निवृत्त राजदूत आणि एक निवृत्त सेनाधिकारी असतात. सूत्रसंचालक सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो: 'भारत पाकिस्तानचं पाणी तोडणार का?' आणि चौघे चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. आपल्याला वाटतं, ते भांडतायत. बहुतेक वेळा ते भांडत नसतात. प्रत्येक जण आपल्याला येणारा पेपर सोडवत असतो.

अभियंत्याचा प्रश्न आहे: जमेल का? हे उत्तर आकड्यांत येतं, म्हणून ऐकायला कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी. आपण ते आपल्या मापात करून पाहू. एक दशलक्ष एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी. मग १३५ दशलक्ष एकर-फूट म्हणजे सुमारे ५,८८० टीएमसी. आपलं जायकवाडी काठोकाठ भरलं की एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी. म्हणजे त्या तीन नद्यांतून वर्षाला जवळजवळ ५७ जायकवाड्या वाहतात. हा गुणाकार-भागाकार वहीत स्वतः करा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि अडवायला आपल्याकडे काय आहे? चिनाबवरचं बगलिहार घ्या. ९०० मेगावॅट, नाव मोठं. पण वीजनिर्मितीसाठी खालीवर करता येईल असा त्याचा साठा करारानुसार ठरला आहे ३२.५६ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जेमतेम सव्वा टीएमसीच्याही आत. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या वर आहे. आता 'ठेवणार कुठं' या प्रश्नाचं वजन कळलं? काश्मीरच्या दऱ्या अरुंद आहेत, भूकंपप्रवण आहेत, आणि पाणी दुसरीकडे वळवायचं तर डोंगरातून लांबलचक बोगदे काढावे लागतील. किशनगंगा प्रकल्पाचं काम २००७ मध्ये सुरू झालं आणि उद्घाटन २०१८ ला. एवढी वर्षं एका ३३० मेगावॅटच्या प्रकल्पाला.

तेव्हा अभियंता 'नाही' म्हणतो तेव्हा तो 'आज नाही' म्हणत असतो. पंधरा-वीस वर्षांनी काय करता येईल, हे त्याला वेगळं विचारावं लागतं, आणि सूत्रसंचालक ते विचारत नाही.

कायद्याच्या अभ्यासकाचा प्रश्न वेगळा: चालेल का? तो करार काढतो. १२ कलमं, आठ परिशिष्टं. शेवटच्या कलमात म्हटलंय की दोन्ही सरकारांनी नवा करार करून हा संपवेपर्यंत तो चालूच राहील. एकट्याने बाहेर पडायची वाट लिहिलेलीच नाही. 'स्थगित' हा शब्दही करारात नाही. मग भारताची बाजू काय? भारताने जानेवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे पहलगामच्या आधीच, कराराचा फेरविचार करा अशा नोटिसा दिल्या होत्या. २४ एप्रिलच्या पत्रातही वाढलेली लोकसंख्या, स्वच्छ ऊर्जेची गरज आणि सीमेपलीकडचा दहशतवाद ही कारणं दिली. परिस्थिती मुळापासून बदलली तर करार बांधून ठेवत नाही, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. पण न्यायालयं ते फार कंजूषपणे मान्य करतात. डॅन्यूब नदीवरच्या धरणाच्या वादात हंगेरीने हाच मुद्दा मांडला होता, १९९७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो फेटाळला. एक बारीक गोष्टही ऐकून ठेवा. करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना संकेतात भारत सामील नाही, आणि पाकिस्तानने सही करूनही त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. त्यामुळे एखादा अभ्यासक त्या संकेताचं कलम फटकन तोंडावर फेकतो तेव्हा समोरचा का हसतो, हे तुम्हाला कळेल.

राजदूत आणि सेनाधिकारी यांचं एकत्र सांगते. राजदूत पाहतो, या निर्णयातून कुणाला काय निरोप गेला. त्याच्या लेखी करार स्थगित ठेवणं म्हणजे पाणी तोडणं नव्हे, तर पुन्हा बोलणी करायला भाग पाडण्यासाठी हाताशी ठेवलेलं दडपण. सेनाधिकारी पाहतो, समोरचा काय करेल. पाकिस्तानने लगेचच जाहीर केलं होतं की पाणी थांबवण्याचा वा वळवण्याचा प्रयत्न झाला तर ती युद्धाची कृती मानू. पाकिस्तानची जवळजवळ सगळी बागायती शेती सिंधूच्या खोऱ्यावर आहे, म्हणून हे बोलणं निव्वळ धमकी समजून सोडून देता येत नाही.

टेबलावर एक खुर्ची नेहमी रिकामी असते. जम्मू-काश्मीरची. नद्या त्यांच्या दारातून वाहतात आणि त्यांवर साठा करायची मुभा त्यांना नाही, ही तिथल्या नेत्यांची जुनी तक्रार आहे, पक्ष कोणताही असो. चर्चा ऐकताना 'इथे कोण बसलेलं नाही?' असंही मनात विचारत जा.

तज्ज्ञ खरोखरच भांडतात तेव्हा

कधीकधी मात्र मतभेद अस्सल असतो. त्याचं उत्तम उदाहरण गाळ. हो, धरणातला गाळ. हसू नका, या करारावरची दोन सर्वात महत्त्वाची उत्तरं गाळावरच दिली गेली आहेत.

हिमालयातल्या नद्या अमाप गाळ आणतात. धरणाच्या तळाला दरवाजे असले तर तो धुऊन काढता येतो. पण तळाला दरवाजे असले की भारत हवं तेव्हा पाणी अडवेल आणि हवं तेव्हा सोडेल, अशी पाकिस्तानला भीती. सलाल प्रकल्पाच्या वेळी १९७८ मध्ये भारताने शेजारधर्म म्हणून माघार घेतली. तळाचे दरवाजे कायमचे बुजवले. परिणाम काय? जलाशय गाळाने भरत गेला.

बगलिहारच्या वेळी वाद तटस्थ तज्ज्ञाकडे गेला. रेमंड लाफित, स्वित्झर्लंडचे अभियंते. त्यांनी २००७ मध्ये निर्णय दिला, आणि तो वाचताना हा माणूस धरणं बांधलेला आहे हे जाणवतं. त्यांचं म्हणणं असं की १९६० चा करार आजच्या तंत्रज्ञानाच्या उजेडात वाचला पाहिजे. गाळाने मेलेलं धरण बांधण्यात कुणाचंच हित नाही, म्हणून खालच्या पातळीवर दरवाजे असणं योग्य. साठा मात्र भारताला हवा होता त्यापेक्षा थोडा कमी केला. दोन्ही देशांनी विजय साजरा केला!

पुढे किशनगंगेचा वाद लवाद न्यायालयात गेला. सात सदस्य, त्यात एक जलतज्ज्ञ आणि बाकीचे कायदेपंडित. २०१३ मध्ये त्यांनी सांगितलं की यापुढच्या प्रकल्पांत गाळ काढण्यासाठी जलाशय मृत साठ्याच्या पातळीखाली उपसता येणार नाही. का? तर करार करताना पाकिस्तानला जी हमी दिली, तिचा गाभा हाच होता की वरच्या देशाच्या हाती पाण्याची चावी नको.

करार तोच, परिशिष्ट तेच, गाळ तोच. अभियंत्याने विचारलं, धरण जगेल कसं? कायदेपंडितांनी विचारलं, शब्द काय दिला होता? दोघेही प्रामाणिक होते. माझं मत विचाराल तर मला लाफित पटतात. पण सलालच्या खाली राहणाऱ्या सियालकोटच्या शेतकऱ्याला ते पटणार नाहीत, आणि त्यात त्याला मूर्ख म्हणण्यासारखं काही नाही. गोदाकाठच्या मुलांना हे जास्त फोडून सांगायला नको. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की वरचा शेतकरी काय बोलतो आणि खालचा काय बोलतो, हे तुम्ही दर दोन-तीन वर्षांनी ऐकता.

व्याकरणाचा तास इथे कामाला येतो

आठवीत क्रियापदाचे अर्थ शिकलात ना? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. दोन गुणांचा प्रश्न म्हणून पाठ केलेत आणि विसरलात. ते आता बाहेर काढा. चर्चा ऐकताना वहीच्या समासात प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापुढे त्याचा अर्थ लिहा.

'बगलिहारचा साठा इतका आहे.' स्वार्थ. हे तपासता येतं. खरं तरी असेल किंवा खोटं तरी.

'भारताने तुलबुलचं काम पुन्हा सुरू करावे.' विध्यर्थ. हे त्या माणसाचं मत आहे. तपासता येत नाही, फक्त कारण विचारता येतं. (तुलबुल म्हणजे झेलमवरचा प्रकल्प, त्याचं काम १९८७ मध्ये थांबलं.)

'साठ वर्षांत धरणं बांधली असती तर आज ही वेळ आली नसती.' संकेतार्थ. ऐकायला फार जोरदार. पण जे घडलंच नाही त्याचा पुरावा कोण देणार?

'पाणी तोडा!' आज्ञार्थ. हे तज्ज्ञ क्वचितच बोलतो. हे बहुतेक सूत्रसंचालक बोलतो.

खरी गडबड कुठे होते सांगू? विध्यर्थ आणि संकेतार्थ ऐकता ऐकता आपण घरी स्वार्थ घेऊन येतो. 'अडवता येईल' हे 'अडवलं' होऊन बसतं. मी वर्गात नेमकं हेच केलं. सरकार म्हणालं होतं, करार स्थगित. मी सांगितलं, पाणी बंद.

याचं आणखी एक उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर तेव्हाचे जलसंपदामंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केलं की पाकिस्तानात वाहून जाणारं आपल्या वाट्याचं पाणी आम्ही थांबवू. 'आपल्या वाट्याचं', म्हणजे रावी-बियास-सतलज. या नद्यांचं पाणी पहिल्यापासून भारताचंच. ते वापरण्यात कराराचा भंग नव्हता, उलट ते इतकी वर्षं वाया जाऊ दिलं हीच तक्रार करायला हवी होती. पण बातमी घरोघर पोचली ती 'पाकिस्तानचं पाणी बंद' अशी. एक विशेषण गळलं आणि अख्खा अर्थ बदलला.

तोडणं नव्हे, वेळ

इतकं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग स्थगितीचा काहीच उपयोग नाही? तसंही नाही. हा भाग मला बऱ्याच चर्चा ऐकल्यावर समजला, पहिल्या रात्री नाही.

शेतकऱ्याला वर्षाला एकूण किती पाणी मिळालं यापेक्षा कोणत्या आठवड्यात मिळालं हे महत्त्वाचं असतं. पेरणीच्या वेळी चार दिवस पाट उशिरा आला तर काय होतं, ते त्या पाटकऱ्याच्या मुलीला विचारा. लहान जलाशय नदी अडवू शकत नाही, पण हिवाळ्यात आणि मे महिन्याच्या सुरुवातीला पाणी कमी असताना तो काही तास, काही दिवस प्रवाह मागेपुढे करू शकतो. मे २०२५ च्या आरंभी बगलिहार आणि सलालचे जलाशय उपसून गाळ धुतल्याच्या बातम्या आल्या. पाणी किती अडलं यापेक्षा, ते खालच्या देशाला न सांगता झालं, हा त्यातला नवा भाग होता.

आणि माहिती. करारानुसार दोन्ही देशांचा एकेक आयुक्त, त्यांचा कायम आयोग, वर्षातून निदान एक बैठक, नद्यांच्या प्रवाहाची नियमित आकडेवारी. स्थगितीनंतर हे सगळं थांबलं. धरण बांधायला दशक लागतं, आकडे देणं बंद करायला एक दिवस पुरतो. खालच्या देशाला पूर कधी येणार हे न कळणं, ही काही छोटी गोष्ट नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूच्या तावी नदीला मोठा पूर आला तेव्हा भारताने पाकिस्तानला इशारा दिला. पण आयोगाच्या मार्गाने नाही. इस्लामाबादमधल्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकी म्हणून. करार स्थगित आहे ही भूमिकाही राखली आणि खालच्या गावांना पुराची खबरही दिली. माझ्या मते या एका कृतीत आपलं परराष्ट्र धोरण जितकं दिसतं, तितकं तासभराच्या आरडाओरड्यात दिसत नाही.

लवाद न्यायालयाचं थोडक्यात. जून २०२५ मध्ये त्याने म्हटलं की भारताने करार स्थगित ठेवला तरी आमचा अधिकार जात नाही. भारताने उत्तर दिलं, हे न्यायालयच आम्ही कधी मान्य केलेलं नाही. परीक्षेत हा प्रश्न आला तर दोन्ही वाक्यं लिहा, एकच लिहून थांबू नका.

स्वाध्याय

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती मुलगी दहावीत आली होती. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात सांगितलं की एप्रिलमध्ये मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, आणि हिचा प्रश्न बरोबर होता. ओरडणारा मुलगा खाली मान घालून बसला. नंतर त्यानेच फळ्यावर ५,८८० भागिले १०२ करून दाखवलं. उत्तर दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा आलं.

मुलीने हात वर केला. मला वाटलं, काहीतरी छान बोलेल. तिने विचारलं, "बाई, आपल्या वरच्या अंगाला कोण आहे?"

तिला काय म्हणायचं होतं ते लक्षात घ्या. सिंधू आणि सतलज दोन्ही तिबेटमधून येतात. ब्रह्मपुत्राही. चीनबरोबर भारताचा पाणीवाटपाचा कोणताही करार नाही. जुलै २०२५ मध्ये चीनने ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला, तिबेटात, एका प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केल्याचं जाहीर केलं आहे. तिथे आपण खालचे.

तर या आठवड्याचं काम. ब्रह्मपुत्रेवरच्या त्या प्रकल्पाविषयी जाणकारांची कोणतीही एक चर्चा पूर्ण ऐका. वहीच्या पानाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात बोलणाऱ्याचा पेशा, दुसऱ्यात तो खरोखर कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय तो प्रश्न तुमच्या शब्दांत, तिसऱ्यात त्याच्या मुख्य वाक्यातल्या क्रियापदाचा अर्थ. पानाच्या तळाशी लिहा, कोणती खुर्ची रिकामी होती. आणि सिंधूच्या वेळी भारताच्या बाजूने ऐकलेला एखादा मुद्दा ब्रह्मपुत्रेच्या चर्चेत चीनच्या तोंडी शोभेल का, ते तपासा. सापडला तर त्याखाली रेघ मारून वही सोमवारी माझ्याकडे द्या.